खिशातलं बटण

आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक लॅब असिस्टंट होते. तोंडावर आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो आणि पाठ फिरली की थांबाकाका. लेथ सुरू करायला कोणी हात पुढे केला की यांचं आलंच, "थांबा." चष्मा घातला का, केस बांधले का, घड्याळ काढलं का. मग स्वतः मशिनभोवती एक फेरी मारायची, वाकून खाली बघायचं आणि म्हणायचं, "हं. आता करा." तोपर्यंत आम्हाला काय करायचं होतं तेच आम्ही विसरलेलो असायचो.

इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते लिफ्टमध्ये पाय ठेवत नसत. जिना उतरताना कठडा सोडत नसत. पाण्याचं तर नावच काढायला नको. त्यांच्या घरी एकदा मी ड्रॉइंगचे कागद द्यायला गेले होते तेव्हा काकू म्हणाल्या, "गॅस बंद केला का, हे दिवसातून चारदा विचारतात मला. मी हो म्हटलं की आत जाऊन स्वतः बघून येतात. मग मला विचारतात कशाला, ते तूच विचार बाई." काका कागद मोजत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही सात जणांनी आपली आपण चालणारी बोट बनवायला घेतली. दोन लांबट फायबरचे तरंगे, त्यांच्यावर फळी, फळीवर पाणी शिरणार नाही असा डबा, डब्यात बॅटऱ्या आणि छोटा कॉम्प्युटर, पुढे काठीवर कॅमेरा, मागे दोन पंखे. वजन पस्तीस किलो. कॉलेजा-कॉलेजांची स्पर्धा होती. बोटीनं कोणाच्याही मदतीशिवाय लाल-हिरव्या बोयांमधून वाट काढायची आणि शेवटी पाण्यावर तरंगणाऱ्या नारिंगी, चेंडूसारख्या गोल बोयाला नाकानं शिवायचं. कॅमेऱ्याला काय दिसतंय ते बोटीला समजावून सांगणारा प्रोग्रॅम माझा होता. त्यासाठी मी बोयांचे दोन हजार फोटो काढले होते, उन्हातले, सावलीतले, लाटांतले. घरी आई म्हणायची, माझे स्वतःचे एवढे फोटो नाहीत.

स्पर्धेचा एक नियम असा की काठावरच्या एका माणसाच्या हातात थांबवायचं बटण हवं. बोटीच्या डोक्यात काहीही असो, ते दाबलं की मोटारींचा करंट तुटलाच पाहिजे. आमच्या प्रोजेक्टच्या सरांनी त्या बटणाचा छोटा डबा काकांच्या हातात दिला. आमच्या टीमचा कप्तान माझ्या कानाशी पुटपुटला, "झालं. आता ही बोट काठावरच म्हातारी होणार."

आणि तलावावर सराव सुरू झाला तेव्हा झालंही तसंच. पाणकोंबडी दिसली, दाबलं बटण. प्लास्टिकची पिशवी, दाबलं. एकदा ढगाची सावली पाण्यावरून सरकली तर तेव्हाही दाबलं. प्रत्येक वेळी वल्ह्याच्या होडीतून जाऊन बोट ओढून आणायची आणि सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. वीस मिनिटं गेली. काका ओशाळून म्हणायचे, "मला वाटलं, माणूस आहे." स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती आणि आमच्या नाकी नऊ आले होते.

कल्पना कप्तानाची होती, पण हात माझे होते. काकांच्या डब्यातला सिग्नल पाठवणारा भाग मी काढला आणि बटण असलेल्या एका छोट्या डबीत बसवून माझ्या जॅकेटच्या खिशात ठेवला, म्हणजे खरंच थांबवायचं की नाही ते मी ठरवणार. काकांच्या डब्यात उरला एक सेल आणि एक लाल दिवा. बटण दाबलं की दिवा लागायचा. फक्त दिवाच. कप्तानानं त्यांना सांगितलं, "काका, आता पाच सेकंद दाबून धरायचं, नवीन नियम आहे. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून."

काका म्हणाले, "पाच सेकंद फार होतात रे."

"नियमातच आहे, काका," मी म्हणाले. असा कुठलाही नियम नव्हता.

रोज सकाळी बोट पाण्यात सोडण्याआधी काका बटण तपासायचे. ते पाच सेकंद दाबून धरायचे, मी त्यांच्या मागे उभी राहून खिशात तेवढेच आकडे मोजायचे आणि पाचाला दाबायचे. पंखे थांबायचे. काका मान डोलवायचे. पहिल्या दिवशी मला घाम फुटला होता. चौथ्या दिवसापर्यंत ते इतकं सफाईनं जमायला लागलं की मला स्वतःचं कौतुक वाटलं. ह्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात जास्त लाज मला त्या कौतुकाची वाटते. सरावात पाणकोंबडी आली तरी पाच सेकंदांत ती उडून जायची आणि काका सुटकेचा निःश्वास टाकून अंगठा उचलायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

तलाव सकाळी सात वाजेपर्यंत पोहणाऱ्यांचा आणि साडेसातनंतर आमचा. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता, म्हणून कप्तानानं पावणेसातलाच बोट पाण्यात उतरवली.

काका म्हणाले, "थांबा. साडेसात वाजू देत."

"पाण्यात कुत्रं नाहीये, काका. बघा की," कप्तान म्हणाला.

खरंच कोणी दिसत नव्हतं. पोस्टातून रिटायर झालेल्या एक बाई रोज पोहायला यायच्या. त्या पलीकडच्या लव्हाळ्यामागे होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

बोट सुरेख चालली. लाल-हिरवे बोये पार झाले. मी काठावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावर नारिंगी गोल दिसला, त्याभोवती माझ्या प्रोग्रॅमनं चौकट काढली आणि वर आकडा लिहिला, शहाण्णव टक्के. मला नाचावंसं वाटलं. बोटीनं नाक वळवलं आणि वेग घेतला.

"थांबा," काका म्हणाले. "थांबा, थांबा."

मी वळूनही पाहिलं नाही. हा शब्द मी तीन वर्षं इतक्यांदा ऐकला होता की तो माझ्या कानापर्यंतच यायचा, आत जायचा नाही. खिशात माझा अंगठा बटणावर होता. वाटलं, पाणकोंबडी असेल. मी सवयीनं मोजायला लागले. एक. दोन. काकांचा आवाज चिरकला. तीन. आणि पडद्यावर त्या नारिंगी गोलाच्या बाजूनं पाण्यातून एक हात वर आला.

बोयाला हात नसतो. मी बटण दाबलं. पंखे थांबले. बोट थांबली नाही, कारण पाण्यावर ब्रेक नसतो. पस्तीस किलो वजन तसंच सरकत पुढे गेलं आणि एक आवाज आला, लाकडी दार लागल्यासारखा.

कप्तान कपड्यांसकट पोहत गेला. बाईंना होडीतून काठावर आणलं तेव्हा त्या शुद्धीवर होत्या. खांद्याचं हाड मोडलं होतं. बोट एक वीत इकडे आली असती तर डोकं होतं. वेदनेनं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यांनी नारिंगी टोपी डोक्यावरून ओढून काढली आणि म्हणाल्या, "अहो, दिसावं म्हणूनच तर मी ही घालते." माझ्या दोन हजार फोटोंत माणसाचं डोकं एकही नव्हतं.

काका पायरीवर बसले होते. डबा अजून हातातच होता आणि दिवा चालू होता. त्यांनी अंगठा काढलाच नव्हता.

सर आले तेव्हा काका उठून उभे राहिले. "चूक माझी आहे सर. अंगठा निसटला असणार. मी वेळेत दाबू शकलो नाही." सरांनी ते लिहून घेतलं. कप्तानानं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

पुढचे तीन दिवस मी जीव मुठीत धरून काढले. सांगितलं तर कॉलेजमधून काढतील, पोलीससुद्धा येतील, आईला कोणत्या तोंडानं सांगू, हेच डोक्यात घुमत होतं. चौथ्या दिवशी काकू वर्कशॉपच्या दाराशी आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्यापैकी कोणीतरी येऊन ह्यांच्याशी बोला गं. घरात पंख्याचं बटणसुद्धा दाबत नाहीत. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाही. राजीनामा लिहून ठेवलाय."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, टेबलावर मेणकापड. मी त्यांचा डबा आणि माझी डबी दोन्ही टेबलावर ठेवली. जे सांगायचं ठरवून गेले होते त्यातलं एक वाक्यही धड आलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "काका, तुमचा अंगठा निसटला नव्हता. तुमच्या डब्यात काही नव्हतंच."

त्यांनी खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. चार स्क्रू काढले आणि ओळीनं मांडून ठेवले. आतला सेल पाहिला, दिवा पाहिला, रिकामी जागा पाहिली. मग डबा उलटा करून पुन्हा पाहिला. मला वाटलं, आता हे मला मारतील, आणि मारलं असतं तर फार बरं झालं असतं.

"हे कोणी केलं?"

"मी."

काकू पाणी घेऊन आल्या होत्या, त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मी आधी पत्रा दाबायच्या प्रेसवर होतो," काका म्हणाले. "त्या मशिनला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे हात बाहेर राहतात. पण काम हळू होतं. माझा जोडीदार म्हणाला, एक बटण बांधून टाक, एका हातानं भराभर होईल. मी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापली आणि बांधून दिली. चांगली घट्ट बांधली होती." ते स्क्रूंकडे बघत होते. "त्याची चार बोटं गेली. साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, पट्टी कोणी बांधली. मी खाली बघत होतो. बत्तीस वर्षं झाली. हिलासुद्धा आज पहिल्यांदाच सांगतोय."

काकूंनी पेला टेबलावर ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसल्या.

"तू आलीस," काका मला म्हणाले. "मी नव्हतो गेलो."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं आणि मग कप्तानानंही सांगितलं. माझं वर्ष गेलं. बाईंच्या घरी मी चार वेळा गेले. पहिल्या तीन वेळा त्यांनी दार उघडलं नाही आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बोट सहा महिने कुलपात होती. मग सरांनी ती पुन्हा पाण्यात उतरवायला परवानगी दिली, पण बटण काकांच्याच हातात हवं, ही अट घातली. काका नाही म्हणाले. "राजीनामा फाडला मी, पण ते बटण नको. आता मला कुठलंच बटण खरं वाटणार नाही."

मी त्यांना म्हणाले, "मग मी बोटीसमोर पाण्यात उभी राहते."

त्यांनी आठवडाभर विचार केला. मग अटींची यादी आणली. पंख्यांना जाळी. नाकाला जाड फोम. वेग निम्म्याहून कमी. माझ्या अंगात लाइफ जॅकेट. होडीत सर, हातात दोरी घेऊन. नवा सिग्नलचा भाग त्यांनी स्वतःसमोर बसवून घेतला, डबा स्वतः बंद केला आणि स्क्रूंवर लाल रंग लावला. बोटीत प्रोग्रॅम मात्र जुनाच ठेवायचा होता, डोक्याला बोया समजणारा.

मी नारिंगी टोपी घालून छातीभर पाण्यात उतरले. पाणी इतकं गार होतं की बोलता येईना. काठावरून बोट खेळण्यासारखी दिसायची. पाण्यातून ती तशी दिसत नाही. तिचं नाक माझ्या डोळ्यांच्या उंचीला होतं आणि त्यावर कॅमेऱ्याची काळी काच. तिनं मला शोधलं, वळली आणि सरळ निघाली. ती थांबणार नाही, हे मला इतकं स्पष्ट वाटलं की फोम, जाळी, दोरी सगळं डोक्यातून गेलं. काठावर काका दिसत होते, पण त्यांचा अंगठा दिसत नव्हता. तो त्यांनी दाबलाच नाही तर, किंवा त्यांना दाबायचाच नसेल तर? असा विचार माझ्या मनात आला, हे मी लपवणार नाही. बाईंना तर विचार करायलाही वेळ मिळाला नव्हता.

पंख्यांचा आवाज बंद झाला. बोट थोडी सरकली आणि माझ्यापासून चांगली वीस हात लांब थांबली. पूर्वी एवढ्या लवकर बटण दाबलं असतं तर कप्तानानं कपाळाला हात लावला असता.

काकांनी डबा उलटसुलट करून पाहिला. मग त्यांचा आवाज पाण्यावरून आला. "थांब तिथेच. एकदा थांबली म्हणून काय झालं? अजून दोनदा बघू."

माझे दात वाजत होते. मी टोपी कानांवर नीट ओढली आणि थांबले.