वैनी निघाली कॅनडाला

माझी आई ही माझी वहिनी आहे, असं मी एका परदेशी साहेबापुढे, खरं बोलण्याची शपथ घेऊन, सांगितलेलं आहे.

त्यात माझा वाईट हेतू नव्हता. तरी बायकोला तो वाटतो, धाकट्या भावाला वाटतो, आणि अधूनमधून मलाही वाटतो. (मला अपराधी वाटायला फारसं काही लागत नाही. शेजाऱ्यांचं दूध नासलं तरी मी त्यांच्या दारावरून मान खाली घालून जातो.)

आमचं गाव वडूजच्या पलीकडे. वडील गेल्यावर आई तिथे मेंढरं राखून एकटीच राहायची. मग एक दिवस तिने सगळी मेंढरं पुतण्याच्या हवाली केली आणि जाहीर केलं, "मी आता रिटायर." रिटायर झालेल्या आईने थोरल्याकडे, म्हणजे माझ्याकडे, माधवनगरला राहावं हा रिवाज. ती आली. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या दोन खोल्यांत थोडे दिवस बसली आणि म्हणाली, "आप्पा, हितं खिडकीतनं बगावं तर फुडं दुसऱ्याची खिडकीच."

धाकटा संजय कॅनडात. त्याच्या घरामागे म्हणे नजर पोचेपर्यंत मोकळं रान, शिवाय घरात दोन लहान नाती. "मी संज्याकडं जातो," आई म्हणाली. (आमच्याकडच्या बायका 'जातो'च म्हणतात. पण त्यापायी काही बिघडलं नाही. बिघडायला मी होतो.)

तिथे कायमचं राहायचं तर तिथल्या मुलाने आईला बोलावून घ्यावं लागतं. संजयने सगळी खटपट केली. शेवटी राहिली व्हिडिओवरची मुलाखत, आणि तीत सिद्ध एवढंच करायचं होतं की ही बाई संजयची आई आहे. एवढा सोपा पेपर मला शाळेतही कधी आला नव्हता.

अडचण एकच होती, आणि ती कुणाच्या ध्यानातही आली नाही. आमच्या घरात आईला आई कुणीच म्हणत नाही. वडील भावांत थोरले. चुलते त्यांना दादा आणि तिला वैनी म्हणायचे, ते ऐकून आम्हीही दादा आणि वैनी म्हणायला लागलो. घरात 'आई' एकच, ती म्हणजे आमची आजी.

मी आपला भलत्याच तयारीला लागलो. "वैनी, साहेबापुढं 'हाय' म्हणायचं नाही. 'आहे' म्हणायचं. शुद्ध."

"बरं," वैनी म्हणाली.

मुलाखतीच्या दिवशी पडद्याच्या एका चौकोनात साहेब उगवला, दुसऱ्यात दुभाषी बाई, तिसऱ्यात संजय. साहेब हसून म्हणाला, "हाय!"

वैनी माझ्याकडे वळली. "बग. त्यो म्हनतुय की." आणि साहेबाला म्हणाली, "हाय, हाय. हितंच बसलोय."

"तू आता गप. मी बोलतो," असं तिच्या कानात सांगून मी सूत्रं हाती घेतली.

साहेबाने संजयला विचारलं, या बाई कोण? संजय अभिमानाने म्हणाला, "ह्या आमच्या वैनी."

दुभाषी बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं : भावाची बायको. साहेबाने वैनीकडे पाहिलं, तिला चिकटून बसलेल्या मला पाहिलं. वैनी पंच्याहत्तरीला टेकलेली, मी पन्नाशी ओलांडलेला. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल एक अनाठायी आदर उमटला.

"नाही, नाही," मी घाईने म्हणालो, "माझी बायको नव्हे. माझीसुद्धा वैनीच."

"मग या कोणाच्या पत्नी?" दुभाषी बाईंनी विचारलं.

"दादांच्या."

"म्हणजे तुमच्या थोरल्या बंधूंच्या?"

"बंधू कुठले? दादा. दादा वारले."

साहेबाने माझ्या थोरल्या भावाबद्दल दुखवटा व्यक्त केला. मीही हात जोडले! मग त्याने विचारलं, असं असेल तर संजयची आई कुठे आहे?

संजय तिकडून निरागसपणे म्हणाला, "आई? आई जाऊन लय वर्सं झाली. मी चौथीत हुतो."

हे ऐकून माझी बायको सुनंदा चहाचे कप घेऊन मागून चौकोनात शिरली. "आवं, सासू समोर बसलीया आन् तुमी तिला मारताय व्हय?"

"या कोण?" साहेब.

"ही माझी बायको."

"म्हणजे या वहिनी?" दुभाषी बाईंचा आवाज आता बारीक झाला होता.

"व्हय," संजय म्हणाला. "ह्यास्नीबी मी वैनीच म्हनतो."

साहेबाने कपाळ चोळलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलू, तेव्हाही नातं स्पष्ट झालं नाही तर अर्ज बंद, असं सांगून तो अंतर्धान पावला.

वैनी खिडकीकडे वळली. "म्हंजे आता पोरी दिसायच्या न्हाईत मला?"

मी घाईघाईने चहाचे कप गोळा करायला लागलो. कारण साहेब 'अर्ज बंद' म्हणाला तेव्हा आत कुठेतरी मला, अगदी चमचाभर, बरं वाटलं होतं. राहील आपल्याजवळच. हे कळल्यावर मी आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा दिला नाही, आणि प्रायश्चित्त म्हणून ठरवलं की आजपासून सगळ्यांनी तिला आई म्हणायचं. सुरुवात माझ्यापासून.

स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी खणखणीत हाक मारली, "आई!"

तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती धावत आली. "काय लागलं रं? ठेच लागली का?"

"लागलं काही नाही. तुला हाक मारली."

"मला? मग अशी का मारतुयास, मुडद्या? जीव गेला की माजा."

तिकडे संजय न्हाणीघरात दार लावून सराव करत होता. त्याची बायको सांगत होती की तो रोज आत "आई, आई" करतो आणि पोरी बाहेरून दार बडवतात.

दुसऱ्या मुलाखतीला संजय शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला आणि म्हणाला, "ही माझी आई आहे."

वैनीने पडद्यात वाकून त्याला निरखलं. "संज्या, आजारी हाईस का रं?"

दुभाषी बाईंना जे कानावर पडेल ते सांगणं भाग होतं. त्यांनी सांगितलं. मी मदतीला तोंड उघडणार, तोच सुनंदाने मागून माझी कॉलर धरून मला खुर्चीसकट मागे ओढलं. साहेबाने हात वर केला. आता फक्त या बाई बोलतील. समोरचा माणूस तुमचा कोण?

"ह्यो?" वैनी म्हणाली. "ह्यो माजा धाकटा. पायाळू."

दुभाषी बाई अडखळल्या.

"पायाकडनं जल्मला, बाई. सुईण म्हनली, एक तर बाळ वाचंल न्हाई तर बाळंतीण. दोगंबी वाचलो. तवा लय तरास दिला, आन् बगा, अजून देतुयच."

बाई सांगत गेल्या, साहेब ऐकत गेला. मग तो खळखळून हसला, आणि त्याच्या आईनेही त्याच्याबद्दल हेच म्हटलं असतं, असं बोलला. झालं. वैनीचं काम फत्ते. आमच्या आठवड्याभराच्या सरावाचा त्यात काडीचाही उपयोग झाला नव्हता.

मुंबईच्या विमानतळावर ती ट्रॉली ढकलत आत निघाली. नवं लुगडं, त्यावर संजयने पाठवलेलं जाडजूड जॅकेट, चेहऱ्यावर जत्रेला निघाल्याचा आनंद. काचेच्या दाराशी मला राहवेना. वाटलं, एकदा तरी जगासारखी, रीतसर हाक मारावी. सगळं बळ एकवटून मी ओरडलो, "आई!"

रांगेतल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्या वळल्या. एकीने तर "काय रे बाळा?" असंही विचारलं. आमची तेवढी मागे न बघता सरळ कॅनडाला निघून गेली.