बारवेचे पाच साक्षीदार
हळद शिजायला लागली की तिच्या मातकट वाफेबरोबर मला माझी एम.ए.ची वर्षं आठवतात. नव्वदच्या दशकात वसमतच्या कॉलेजात मी आमच्या गावच्या बारवेवर लघुप्रबंध लिहीत होतो. पुस्तकांत तिचा उल्लेखच नव्हता, म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत फिरलो. पाच जणांनी अगदी एकच सांगितलं: निजामाच्या एका सरदारानं ती आपल्या आजारी घोडीसाठी बांधली. पाच साक्षीदार! मी छाती फुगवून सरांपुढं उभा. सर शांतपणे म्हणाले, "बराबर. पण ह्या पाचांना कुणी सांगितलं?" हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. प्रबंध द्यायची तारीख तोंडावर आलेली, आणि मी सायकलवर पुन्हा दारोदार. पाचांनीही एकाच घराकडं बोट दाखवलं, अन् ते घर निघालं माझ्या सख्ख्या मामाचं! मामा कढईतल्या हळदीत काडी टोचून ती शिजली का बघत होते. "मामा, घोडीचं तुमाला कुणी सांगितलं?" "कुणी काहून सांगंल? हळद शिजस्तोवर माणसं डुलक्या घेऊन राहिली होती. काहीतरी बोलावं लागतंय की, भाचेबुवा!" "अन् ती आजारी?" "धडधाकट घोडीची गोष्ट कोण ऐकतंय?" प्रबंधातून घोडी गेली आणि आमच्याकडं कढईभोवती इतिहास कसा तयार होतो, हे प्रकरण आलं. सरांनी नेमकं तेवढंच वाखाणलं. आजही बायको "सगळेच म्हणून राहिले" म्हणाली की मी विचारतो, "सगळे म्हणजे कोण? अन् त्यांना कुणी सांगितलं?" मग चहा उशिरा मिळतो, पण मिळतो.