सांबाराची जुडी

नव्या गिनीपिगने आमच्याकडे आल्यापासून आवाजच काढला नव्हता. ती खोक्यात दडून बसायची आणि घरात सामसूम झाली की चोरून खायची. सासूबाई म्हणाल्या, "पाहुण्यासारखी राहून राहिली बिचारी. इले सोबत आणा एखादी."

मला नागपुरातले माझे पहिले दिवस आठवले. मी मालवणची. सासूबाईंनी सांबार मागितला, तेव्हा मी सांबार मसाला शोधत बसले होते. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे मला कुठलं माहीत! सगळे मायेने वागायचे, तरी मी वाढलेलं गुपचूप खायचे. मग समोरच्या घरात वेंगुर्ल्याची सून आली. तिच्याशी पोटभर मालवणीत बोलून घरी परतले आणि सरळ म्हणाले, "आज मला मासे हवेत." माया आपल्याला सांभाळते खरी, पण आवाज फुटायला आपल्या बोलीचं कुणीतरी लागतं.

काल आम्ही दुसरी, तपकिरी गिनीपिग आणली. बाल्कनीत दोघी आधी गुरगुरल्या, मग एकच काडी दोन टोकांनी कुरतडत बसल्या.

आज सकाळी मी सांबाराची जुडी सोडत होते. तेवढ्यात अशी खणखणीत शिट्टी आली की सासूबाईंच्या बशीतला चहा सांडला. आमची मुकी पुढचे पाय जाळीवर रोवून उभी होती आणि ओरडून सांबार मागत होती.

"दे माय लवकर," सासूबाई बशी पुसत म्हणाल्या, "आता ही काही पाहुणी नाही राहिली."