जिन्यातलं मांजर

आमच्या जिन्याचं माप घ्यायला तिरुचीहून माणूस येणार होता, त्या दिवशी मी सकाळपासूनच लगबगीत होते. जिना पुसला, कठडा झटकला, पायऱ्यांवर साठवलेले नारळ आणि रिकामे डबे उचलले. कुणी मुलगी बघायला यावं तशी सगळी धांदल.

सांगलीहून लग्न होऊन मी तंजावरला आले, त्याला आता जन्म लोटला. यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, खाली मी आणि वर माझी थोरली नणंद. तिला सगळेच अक्का म्हणतात. आमच्याकडे नणंदेला अहो-जाहो करायची रीत, पण ते तिनं पहिल्याच वर्षी मोडून काढलं. अक्का मुलींच्या शाळेत तमिळ शिकवायची. घरात बोलते मराठी, पण इथली जुनी, 'मज' आणि 'तुज'वाली, आणि तीही तमिळच्या चालीवर. नवी असताना मला वाटायचं, ही बाई बोलतेय की अभंग म्हणतेय!

आमचं पहिलं वाजलं ते याच जिन्यावर. लग्नाचा शालू सावरत वर चढत होते, तर मागून अक्का ओरडली, "पडि, पडि!" मी ऐकलं, 'पड, पड.' आल्या आल्या नणंद पड म्हणते! रागानं मागं वळले आणि खरोखरच आपटले. तमिळमध्ये पडि म्हणजे पायरी, ती बिचारी 'पायरी बघ' म्हणत होती, हे यजमानांनी मागाहून हसत हसत सांगितलं. तरी पुढं भांडण झालं की मी ते उकरून काढायचेच.

गेल्या वर्षी अक्का न्हाणीत घसरली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आता वॉकर धरून वरच्या मजल्यावर चालते. पण जिना उतरणं बंद. कमोड वर आहे, वारा वर आहे, आणि 'खाली खाट टाकली की माणूस आजारीच होतं' हा तिचा हट्ट. म्हणून दोन्ही वेळचं ताट मी वर नेते. गुडघे माझेही गेलेत, पण ते तिला कशाला कळू द्यायचं? जिन्याच्या मध्यावर भिंतीतून एक खांब पुढं आलाय. तिथं पोचले की कळ येते, दम लागतो. मग मी खांबाला टेकते आणि मोठ्यानं मांजर हाकलते. "शुक् शुक्! मेलं पुन्हा आलं! ताटात तोंड घालतंय बघा!" दम खाऊन होईस्तोवर मांजराची सगळी कुळी उद्धरते आणि मग हसतमुखानं वर जाते.

एक दिवस अक्कानं सांगून टाकलं की पापनाशमजवळ एक वृद्धाश्रम आहे, तिथं तिनं विचारलंय आणि खोली रिकामी आहे.

"पापनाशमला? तुझी एवढी कुठली पापं साठलीत गं?" मी म्हटलं.

ती हसली नाही. अक्का उगाच बोलणारी बाई नव्हे. मी भांडले, अबोला धरला, शेवटी रडले. मग ती म्हणाली, "जिन्यास ती चालती खुर्ची लावतात ना? ती बसली तर मी राहते. नाही बसली तर जाते." दुसऱ्याच दिवशी मी फोन लावला. रुळावरून माणसाला वरखाली नेणारी खुर्ची. अक्काला खाली यायचंय, परसात बसायचंय, एवढंच माझ्या डोक्यात.

माणूस आला. बोलायला गोड, हात झपाझप. खालची पायरी, वरची पायरी, चढ, रुंदी, सगळं मोजलं. मग म्हणाला, बसणाऱ्यांचंही माप लागेल. अक्का जिन्याच्या माथ्यावर खुर्ची टाकून, परीक्षेवर देखरेख करायला बसावं तशी बसलेलीच होती. त्यानं पाठीपासून गुडघ्यापर्यंतचं अंतर घेतलं. अक्का ताडमाड उंच. तो खाली खांबापाशी गेला, मोजलं, परत मोजलं, आणि मान हलवली.

"अम्मा, या खुर्चीत जिन्याला आडवं बसतात. यांचे गुडघे खांबाला अडकतील."

"मग खांब काढा."

"खांब काढला तर वरचा मजलाच खाली येईल. मग मशीन कशाला?"

एरवी मी हसले असते. त्या वेळी त्याच्यावर उखडले, खांब बांधणाऱ्या गवंड्यावर उखडले, एवढे लांब पाय दिले म्हणून देवावरही उखडले. डोळ्यांपुढं पापनाशमची बस दिसायला लागली होती.

अक्का मात्र शांत. त्याला म्हणाली, "हिचं माप घ्या."

"माझं कशाला?"

"मज खाली जायचंय असं मी कधी म्हटलं? दोन वेळा वर यावं लागतं ते तुज. खुर्ची तुजसाठी."

"मला काय धाड भरलीय? चांगली टुणटुणीत आहे मी."

"मग खांबापाशी रोज कुणास शिव्या देतेस?"

"मांजराला!"

"अगे, आपल्या घरी मांजर कुठे आहे?"

तो माणूस उगाचच टेप गुंडाळत राहिला.

"तुझ्या गुडघ्यांचा आवाज वरपर्यंत येतो," अक्का म्हणाली. "मग ताट पुढे आलं की घास उतरत नाही मज. म्हणून जात होते."

त्यानं मला बसवून माप घेतलं. मी बुटकी. फळीवरचा डबा काढायला जन्मभर अक्काला हाक मारलीय आणि तिची बोलणी खाल्लीयत. माझे गुडघे खांबापासून चांगले सुटे राहिले. "या आरामात बसतील," तो म्हणाला.

"आणि तू?" मी अक्काला विचारलं. "तू खाली कधीच येणार नाहीस?"

"तू वर येतेस की," ती म्हणाली. "जा, त्यास कॉफी दे. मी पापनाशमला फोन करून नाही म्हणते."

मी उतरायला लागले. खांबापाशी कळ आली. सवयीनं मांजर ओठांवर आलं होतं, ते गिळलं, आणि चांगलं मोठ्यानं म्हटलं, "आई गं!"

वरून लगेच आवाज आला, "पडि, पडि!"

"ऐकलं गं बाई," मी म्हटलं आणि कॉफी विसरून तिथंच पायरीवर बसून रडले.