चुंबळींची गादी

मजुरांच्या मागण्या मांडणाऱ्या आमच्या मंडळानं जुनी फटफटी घेतली तेव्हा ती डांबरावरही धड चालत नव्हती, आणि आम्हाला ती हवी होती डांबर संपतं तिथून पुढं. दुष्काळी कामं सगळी तिकडंच काढलेली. लोहाऱ्यापासून पाझर तलावापर्यंतची वाट म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या, कोरड्या नाल्यातली वाळू आणि शेवटी सुटी खडी. जीप तिथं रोज जायची, मुकादमाच्या जेवणाचा डबा घेऊन. पाण्याचा टँकर मात्र ‘रस्ता नाही’ म्हणून येत नसे. हे मी पत्रकात लिहिलं होतं, इथंही लिहितो.

नवं सामान परवडणारं नव्हतं. लोहाऱ्याच्या मिस्त्रीनं झिजलेल्या टायरांना गरम पात्यानं खाचा पाडल्या. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून इंजिनाखाली ठोकला, दगड लागू नयेत म्हणून. धुळीसाठी हवेच्या गाळणीवर जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळला. हँडलला मी पाण्याची कॅनव्हासची छागल टांगली. आणि मागच्या कॅरियरवर, मंडळाच्या एकमुखी ठरावानं, भाषणाचा कर्णा बसवला.

“विमान केलंय तुमचं,” मिस्त्री म्हणाला. “फक्त उडवू नका.”

मी खूश होतो. वाळूत गाडी रुतत नव्हती, पत्र्यावर दगड टणटण वाजत होते, आणि वाटेतली पोरं मागं पळत होती.

कामावरच्या बायांची मागणी साधी होती: प्यायला पाणी आणि लेकरांना सावली. दोन्ही कायद्यात लिहिलेलं, म्हणजे भीक मागत नव्हतो. निवेदनं देऊन थकलो तेव्हा तहसील कचेरीतून निरोप आला, कागद पुरे झाले, कामावरची कुणी बाई सोमवारी दुपारच्या आत येऊन समक्ष सांगू दे, नाहीतर विषय बंद. बायांनी त्यांच्यातल्या एका मावशीला निवडलं. वय झालेलं, पण खडी फोडताना सगळ्यांत मोठा आवाज त्यांचा. एसटी तिकडं येत नव्हती. जीपमध्ये, मुकादम म्हणाला, जागा नव्हती. मग मी म्हणालो, फटफटी आहे की.

सोमवारी सकाळी मावशींनी बाजारात बैल बघावा तशी गाडीभोवती फेरी मारली.

“मागं हे काय हाय?”

“कर्णा, मावशी. भाषणासाठी.”

“मंग म्या कुठं बसू? कर्ण्यात?”

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मुकादमानं जीपमधून साद घातली, “डोक्यावर घ्या की त्यांना, पुढारी.”

टायर, पत्रा, गाळणी, सगळ्याचा विचार झाला होता. लोकांचा आवाज पोचवायची सोय केली होती, आणि लोकांतलं कुणी मागं बसेल हे मंडळात एकालाही सुचलं नव्हतं. मी पाना काढून कर्णा उतरवला. खाली उघड्या सळ्या.

“ह्याच्यावर बसून गेले तर बोलायला तोंड राहील,” मावशी म्हणाल्या, “उठायला कंबर न्हाय.”

मग त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढली. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांचं ते वेटोळं. खडीची पाटी उचलायची तर डोक्यावर आधी हेच लागतं. ती त्यांनी कॅरियरवर ठेवली, तळहातानं दाबून पाहिली. शेजारणीनं आपली दिली, मग तिसरीनं. “आज पदराची घडी करू,” दोघी म्हणाल्या. सगळ्या चुंबळी सुतळीनं बांधल्या, वर घोंगडीचा तुकडा टाकला. कर्ण्याची लोखंडी पट्टी रिकामी झाली होती, ती खाली आवळून पाय ठेवायला जागा केली. माझ्या सगळ्या सुधारणांत हीच तेवढी कामाची, आणि ती माझी नव्हती.

नाल्यात वाळू लागली तशी मावशींनी माझा खांदा धरला. “हळू रं लेकरा. आणि कचेरीत तू बोलू नको. तुझं बोलणं कागद वाचल्यागत असतंय.”

पत्रकं लिहिणाऱ्याला हे ऐकून घ्यावं लागलं.

कचेरीत शिपायानं उभं राहायला सांगितलं. मावशींनी मला गादी सोडायला लावली, व्हरांड्यात टाकली आणि बसल्या. तहसीलदार साहेब बाहेर आले. म्हणाले, बाई, आत या.

“इथंच बरं वाटतंय, साहेब. सावली हाय. आमची लेकरं उन्हात खडीवर निजत्यात, त्यांच्यासाठी एवढीच मागतोय.”

“पाण्याचं म्हणाल तर टँकरला रस्ता नाही.”

“जीप रोज येती की डबा घिऊन. तिच्या मागनं येऊ द्या टँकर.”

साहेबांनी मुकादमाला बोलावणं धाडलं. त्याच आठवड्यात कामावर बांबूच्या तट्ट्यांचा मांडव उभा राहिला आणि जीपच्या चाकोरीतून टँकर आला. सावलीसाठी एका बाईला तालुक्याला जावं लागतं, याचा राग मला अजून आहे. पण मांडवाखाली लेकरं ओळीनं झोपलेली पाहिली तेव्हा तो राग जरा वेळ बाजूला ठेवला होता.

त्या सोमवारी संध्याकाळीच चुंबळी परत केल्या. प्रत्येकीनं आपली बरोबर ओळखली. मावशींनी स्वतःची घेतली नाही.

“राहू दे गाडीवर. परत कुणाला तरी न्यावं लागंल.”

ती अजून मागच्या सळ्यांवर बांधलेली आहे, आणि तिच्यावर बसून बऱ्याच जणी कचेरीला आल्या. कर्णा मंडळाच्या खोलीत पडून आहे.