सुईएवढी हवा

परवा इंदापूरला पंक्चरवाल्याने सोल्युशनची ट्यूब उघडली आणि त्या वासासरशी मला अंथुर्ण्याच्या घरातली एक दुपार आठवली. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठीला जखमा होऊ लागल्या म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी आणायला सांगितली होती. पण ती भरली की हळूहळू बसायची आणि पाठ खालच्या फळीला टेकायची. वडलांना बाजेवर घेऊन मी आणि आई गादीवर साबणाचा फेस फिरवत होतो, बुडबुडा काही येईना. बाजेचा काथ्या टोचून वडील कण्हत होते. शेवटी तेच म्हणाले, "पंखा बंद कर. ट्रॅक्टरच्या ट्यूबला लावतो तसा वला गाल लाव." ओला गाल सरकवत गेलो, तर मधोमध बारीक, गार फुंकर लागली. तिथं सोल्युशन लावून रबराचा तुकडा चिकटवला. प्लास्टिकवर माणूस निजवू नये म्हणून आईने मुद्दाम शिवलेली गोधडी पुन्हा वर अंथरायला झटकली, तर दोरा ओवलेली सुई फरशीवर पडली. आई पांढरीफटक पडली. वडील तिच्याकडे बघत म्हणाले, "म्हंजी सुई शेजारणीनं न्हेली न्हवती तर." आता वडील नाहीत, आई अजून कुठलीही गोधडी अंथरण्याआधी तिच्यावरून तळहात फिरवते.