पाण्यानं कुठं जावं

ओल्या फरशीवर घसरून आईचा पाय मोडला, म्हणून मोरीपुढची फरशी मी स्वतः नवी बसवली. घरातला पहिला पदवीधर मी. मोबाइलवर बघून शिकलो आणि लेव्हलपट्टीचा बुडबुडा अगदी मधोमध आणला.

फरशीखालचा सिमेंटचा माल अजून ओला होता, तेवढ्यात घरामागच्या देवगाव फाट्यावर गाडीची वाट बघणारी एक बाई मागच्या दाराशी पाणी मागायला आली. तिच्या नखांत सिमेंट होतं. पाणी प्याली आणि उरलेलं तिनं फरशीवर ओतलं. ते जागचं हललं नाही.

"लय सरळ बसवलीस, लेकरा. आता पाण्यानं कुठं जावं?"

आई इथंच घसरल्याचं सांगून मी बुडबुडा दाखवला. "बरोबर हाय की, मावशी."

"बरोबर हाय. पर आई पुन्यांदा घसरंल."

पदर खोचून ती खाली बसली. तळहातानं थोपटत तिनं पहिली ओळ मोरीकडं दाबून दिली, बाकीच्या माझ्याकडून करून घेतल्या. गाडी दिसताच हात न धुताच गेली.

आता पाणी सरळ मोरीत जातं. आई आल्यागेल्याला सांगते, "पोरानं बसवली." मी म्हणतो, "उतार त्या बाईचा हाय."

"मग तिला चहा तरी पाजायचास," आई दर वेळी म्हणते.